पहिली एमटीबी घेताना : आधी पायाची लांबी, मग गिअर

ठाण्यातल्या आमच्या शास्त्रीनगरच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि मी राहते तिसऱ्या मजल्यावर. पहाटे सायकल खांद्याला लावून खाली उतरायचं, उपवन तलावाच्या कडेने येऊरच्या डोंगराचा चढ धरायचा आणि आठच्या आत घरी परतायचं, कारण नऊला लॅब उघडायची असते. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे बिल्डिंगमध्ये, लॅबमध्ये किंवा नणंदेच्या सासरी कुणालाही सायकल घ्यायची झाली की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला: "ताई, पंधरा-वीस हजारांत चांगली एमटीबी कुठली?" एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, जाड टायरची, खडबडीत रस्त्यांची सायकल.

मी मॉडेलचं नाव सांगत नाही. मॉडेलं सारखी बदलतात, आणि नाव तेच ठेवून आतले पार्टही बदलतात. दुकानात उभं राहून स्वतः काय बघायचं, ते मी सांगते. माझ्याकडून सुरुवातीला जी चूक झाली ती तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

२०१९ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी मी पहिली गिअरची सायकल घेतली. साडेनऊ हजारांत पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. फोटोत अगदी मोटारसायकलसारखी दिसत होती. घरी आणून ती उचलून वजनकाट्यावर उभी राहिले, मग स्वतःचं वजन वजा केलं. सायकल भरली १९ किलो. येऊरच्या पहिल्याच वळणावर कळलं की मी पॅडल दाबलं की सीट खाली जाते आणि पाय वर आला की सीट वर येते. माझ्या पायातली निम्मी ताकद मागची स्प्रिंग दाबण्यात जात होती. पुढचं पावसाळ्यात झालं. सस्पेन्शनच्या सांध्यांत ढिलाई आली आणि उतारावर मागचं चाक डावी-उजवीकडे हलायला लागलं. ते जाणवलं त्या दिवशी मी उतरून चालत खाली आले.

म्हणून पहिली गोष्ट: पंचवीस हजारांच्या आत डबल सस्पेन्शन घेऊ नका. चांगलं मागचं सस्पेन्शन महाग असतं. स्वस्त सायकलीत ते बसवायचं तर कंपनीला चाकं, ब्रेक, फ्रेम या सगळ्यात काटकसर करावी लागते. मागे साधी त्रिकोणी फ्रेम आणि फक्त पुढे सस्पेन्शन, यालाच हार्डटेल म्हणतात. पहिली सायकल हार्डटेलच हवी.

माप

दुकानात जायच्या आधी घरी एक काम करा. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, पायांत साधारण वीतभर अंतर ठेवा. एक जाड वही दोन पायांच्या मध्ये, आपण सीटवर बसलोय असं वाटेल इतकी घट्ट वर धरा, तिची एक कड भिंतीला टेकलेली असू द्या. वहीची वरची कड भिंतीला जिथे लागते तिथे दुसऱ्याकडून पेन्सिलीने खूण करून घ्या आणि जमिनीपासून मोजा. माझी उंची पाच फूट दीड इंच आणि हे माप ७१ सेंटीमीटर. सायकलचा वरचा दांडा, तुम्ही त्याच्यावर पाय टाकून उभे राहता तिथे, या मापापेक्षा चार-पाच सेंटीमीटर तरी खाली हवा. चढावर मध्येच थांबावं लागलं आणि पाय टेकायला जागा नसली तर पडणं ठरलेलं, आणि ते दांड्यावर पडणं असतं.

फ्रेमचं माप बहुतेक ठिकाणी इंचात किंवा एस, एम, एल असं सांगतात. पाच फूट ते पाच-तीन असाल तर १४-१५ इंच, पाच-पाच ते पाच-आठला १६-१७, पाच-नऊ ते सहा फुटांना १८-१९, हा मोघम अंदाज झाला. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, तोच बघायचा. चाकाचा २६, २७.५ किंवा २९ हा आकडा वेगळा आणि फ्रेमचा आकडा वेगळा. दुकानात बऱ्याचदा "सव्वीसची सायकल" म्हणतात तेव्हा चाकच सांगत असतात, फ्रेम विचारावी लागते.

मागच्या दिवाळीत माझ्या भाचीबरोबर गेले होते. ती पाच फुटांची. दुकानदार म्हणाला, "ताई, एस साइज संपलाय. मीडियम न्या, सीट खाली करून देतो." सीट खाली केल्याने पाय पोचतो, पण सीट ते हँडल हे अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. भाची त्या सायकलवर बसली तर कोपर पूर्ण ताठ, खांदे कानाला लागलेले, आणि ब्रेकपर्यंत बोटं पोचवायला ती तळहात सरकवत होती. मी तिला म्हटलं, "अशीच पाच मिनिटं बसून राहा." तिसऱ्या मिनिटाला ती मान चोळायला लागली. आम्ही तिथून निघालो आणि तीन आठवडे थांबून दुसरीकडून एस घेतली. सवलत, रंग, गिअर या सगळ्यासाठी तडजोड करा. मापासाठी करू नका. बायकांना तर मी पुन्हा पुन्हा सांगते, "लेडीज सायकल" म्हणून वाकवलेला दांडा आणि गुलाबी पट्टा पुढे केला तर आधी माप विचारा. आपल्याला हवी लहान फ्रेम, आवाक्यातलं हँडल आणि बोटांना पुरणारा ब्रेक. ब्रेकच्या मुठीजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लीव्हर हँडलजवळ येतो. दुकानदाराकडून तो तिथेच फिरवून घ्या.

सीटची उंची बरोबर आहे का हे सीटवर बसून कळतं. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा, गुडघा सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पॅडलवर घेतला की गुडघा किंचित वाकतो. तेवढाच हवा.

एमटीबीच हवी का

हा प्रश्न मी आधी विचारते, कारण नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर रविवारी सकाळी फिरायचं एवढंच मनात असेल तर हायब्रीड, म्हणजे रोड सायकल आणि एमटीबी यांच्या मधली सायकल, जास्त सुखाची. टायर बारीक, वजन कमी, त्याच ताकदीत लांब जाता येतं. पण घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवरून रोज जायचं असेल, पेव्हर ब्लॉक उखडलेले, मेट्रोच्या कामाची खडी, जुलैत गुडघाभर खड्डा पाण्याखाली लपलेला, तर २.१ इंची टायर आणि रुंद हँडल यांचा आधार खरा वाटतो. गायमुख, नागला बंदरकडे किंवा भिवंडीच्या आतल्या गावरस्त्यांवर मुरूम आणि माती लागते, तिथेही एमटीबीच. एक विनंती: येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. डांबरी रस्त्याने गावापर्यंत जा, पण एमटीबी हातात आली म्हणून जंगलातल्या पायवाटांवर घुसू नका. ते बिबट्यांचं आणि पाड्यांवर राहणाऱ्या लोकांचं घर आहे.

डांबरावरच जास्त चालवणार असाल तर टायरच्या मधोमध बारीक, जवळजवळ असलेल्या खुणा आणि कडेला मोठे दात असलेला टायर बघा. सगळीकडे मोठे दात असले की रस्त्यावर घूंऽऽ आवाज येतो आणि पायांवर ताण पडतो.

गिअर किती यापेक्षा दात किती

एकवीस, चोवीस, सत्तावीस हे आकडे दुकानात फार सांगितले जातात. चढावर मात्र एकच गिअर कामाला येतो, सगळ्यात हलका. तो किती हलका आहे हे दातांवरून कळतं. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दात मोजा, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दात मोजा. मागचे पुढच्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त हवेत. माझ्या आताच्या सायकलीत पुढे २४ आणि मागे ३४ आहेत. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक ०.७ फेरी फिरतं. त्याच चढावर पुढे ३२ आणि मागे ३४ असती तर चाक ०.९४ फेरी फिरलं असतं, म्हणजे प्रत्येक पॅडलला एक तृतीयांश जास्त जोर. पंचविशीच्या मुलाला तो जाणवणार नाही. माझ्या वयाच्या, पहिल्यांदाच चढ चढणाऱ्या माणसाला तेवढ्यानेच उतरावं लागतं.

हल्ली पुढे एकच चक्र असलेल्या सायकली आल्या आहेत. दिसायला सुटसुटीत, चेन कमी वेळा निसटते, सांभाळायला सोप्या. पण स्वस्त मॉडेलात मागचं मोठं चक्र ३४ किंवा त्याहून लहान असतं आणि मग चढावर हाल. पुढे ३२ असेल तर मागे ४० च्या वर असेल तरच घ्या. नाहीतर पुढे दोन किंवा तीन चक्रं असलेली बरी.

गिअर बदलायची सोय अंगठा-तर्जनीने दाबायच्या लीव्हरची असावी. मूठ पिळून बदलायचे गिअर घामाने आणि पावसात हाताखाली फिरतात.

आणखी एक गोष्ट आहे, जी दुकानदार आपणहून सांगत नाही. मागची चक्रं हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्याने बसवलेली असतील तर त्याला फ्रीव्हील म्हणतात. खाचांवर सरकवून बसवलेली असतील तर कॅसेट. फ्रीव्हीलमध्ये गिअरच्या बाजूचा ॲक्सल (चाकाचा आस) बेअरिंगच्या पलीकडे बराच लांब, आधाराशिवाय राहतो. वजन जास्त असेल आणि रस्ते आपल्यासारखे असतील तर तो वाकतो. सत्तर किलोच्या आत असाल आणि बजेट पंधरा हजारांचं असेल तर सात गिअरच्या फ्रीव्हीलवर भागतं. ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाने दोन-तीन हजार जास्त घालून आठ गिअरची कॅसेट असलेली सायकल घ्यावी.

ब्रेक

या बाबतीत मी हट्टी आहे. एमटीबी जन्मली तीच उतारावर. कॅलिफोर्नियात टॅमल्पेस डोंगराच्या भागात १९७० च्या दशकात काही मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतारावर सोडायची. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असायचा, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब पुन्हा ग्रीसने भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. तिथली पहिली शर्यत ऑक्टोबर १९७६ मध्ये झाली. येऊरवरून उतरताना मला हे नेहमी आठवतं. चढताना कमी पडलो तर उतरून चालता येतं, उतरताना ब्रेक कमी पडला तर काहीच करता येत नाही.

आपल्या पावसासाठी डिस्क ब्रेक चांगले. रिमवर रबर दाबणारे व्ही-ब्रेक कोरड्यात उत्तम धरतात, दुरुस्तीला सोपे असतात, पण चिखलात रबरात वाळूचे कण अडकतात आणि रिम घासली जाते. वीस हजारांच्या आत बहुधा केबलवर चालणारे डिस्क मिळतात. ते चालतील. त्यातले बरेचसे एकाच बाजूने पॅड दाबतात, म्हणून दर महिन्याला पॅडचं अंतर जुळवावं लागतं. एलन की घेऊन ते दुकानातच शिकून घ्या. तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक पंचवीसच्या आसपास मिळू लागतात आणि दोन बोटांनी सायकल जागेवर थांबते. पण त्यांचं तेल बदलणारा मेकॅनिक घराजवळ आहे का, हे आधी बघा.

उजव्या मुठीत कुठला ब्रेक आहे तेही तपासा. आपल्याला स्कूटरमुळे उजवा हात म्हणजे पुढचा ब्रेक अशी सवय असते. उलट जोडलेला असेल तर बदलून मागा. घाबरल्यावर हात सवयीनेच चालतो.

पुढच्या सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. या किमतीत आत नुसती स्प्रिंग असते. खड्ड्यात दाबली जाते आणि तशीच फट्‌कन वर येते. ८०-१०० मिलीमीटर पुरे, लॉक करायची सोय असेल तर चढावर उपयोगी. नसली तरी चालेल.

दुकानात दहा मिनिटं

मी दुकानात पहिल्यांदा सायकल उचलते. तिसऱ्या मजल्यावर न्यायची असल्यामुळे मला १५ किलोच्या पुढची नको असते. ॲल्युमिनियमची, म्हणजे अलॉय फ्रेम असली की हे साधारण जमतं. लोखंडी फ्रेमची १७-१८ ला जाते आणि खाडीच्या हवेत वेल्डिंगच्या कडेला गंज धरते.

मग पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवते. दुसरा हात हँडलखाली, जिथे फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) जुळतात तिथे ठेवते. टक-टक जाणवलं तर हेडसेट, म्हणजे तिथल्या बेअरिंगचा सेट, ढिला आहे. पुढचं चाक उचलून फिरवते आणि डिस्कच्या फटीकडे बघते. फट मोठी-लहान होत राहिली तर डिस्क वाकलेली. रिम डावी-उजवीकडे झुलली तर चाकाला आऊट आहे, स्पोक ओढून घ्यायला सांगायचं. दोन्ही क्रँक, म्हणजे पॅडल ज्यांना लागतात ते दांडे, हाताने धरून आडवे हलवायचे. जराही हालचाल नको.

या शेवटच्या गोष्टीचा मला फटका बसला आहे. माझी पहिली सायकल खोक्यात आली आणि जवळच्या एका दुकानातून जोडून घेतली. डावा क्रँक नीट आवळला नव्हता. बाराव्या दिवशी येऊरला कट-कट आवाज सुरू झाला. मला वाटलं चेनला तेल हवं. मी तशीच घरापर्यंत चालवत आले. ढिल्या क्रँकमध्ये ॲक्सलचं चौकोनी टोक हलत राहतं आणि भोक मोठं होतं, नंतर कितीही आवळा, ते बसत नाही. नवा क्रँक घालावा लागला. तुमची खोक्यातून येणार असेल तर मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. फोर्क उलटा बसवणं, पॅडल तिरकं घुसवून आटे खराब करणं या नेहमीच्या चुका आहेत. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे सांगायला लाजू नका.

ट्यूबचा व्हॉल्व्हही बघून ठेवा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, पितळी टोकाचा असेल तर ॲडॅप्टर जवळ हवा. मी हवेचा दाब पुढे ३५ आणि मागे ४० पीएसआय ठेवते. तुमच्या टायरच्या कडेवर मर्यादा छापलेली असते, तिच्या आत राहा.

पैसे कसे वाटायचे

वीस हजार असतील तर सायकल सोळाची बघा. हेल्मेटला दीड हजार, आत ईएन १०७८ हा युरोपी सुरक्षा मानकाचा शिक्का बघून. पुढचा-मागचा दिवा आठशे, कुलूप सहाशे, पंप पाचशे, एक जादा ट्यूब, पंक्चर किट आणि टायर उघडायच्या पट्ट्या मिळून पाचशे. शंभर रुपये उरतात, त्यातून चेनच्या तेलाची छोटी बाटली येते. तुम्ही पूर्ण वीस हजार सायकलवर घातलेत तर हेल्मेट "पुढच्या महिन्यात" जातं आणि तो महिना येत नाही, हे मी तीन घरांत पाहिलं आहे. बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिलावर तो तसाच लावलाय ना ते वाचा.

बजेट दहाच्या आसपास असेल तर नवी स्वस्त एमटीबी घेण्यापेक्षा वापरलेली चांगली घ्या. ठाण्यात हौसेने घेऊन गॅलरीत ठेवलेल्या सायकली पुष्कळ आहेत. मूळ बिल मागा. ते नसेल तर चोरीची असू शकते, सोडून द्या. हँडलखालच्या वेल्डिंगवर, दांड्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवा, रंगाला केसासारखी चीर दिसली तर नको. चेनवर पट्टी धरा. एका पिनीच्या मध्यावर शून्य ठेवलं की बारा इंचांवर बरोबर पिनीचा मध्य यायला हवा. एक-सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलावी लागेल, एक-अष्टमांश गेला असेल तर चेनबरोबर मागची चक्रंही. तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

नवी आणल्यावर पहिल्या महिन्यात ती परत दुकानात न्या. केबल ताणतात, स्पोक बसतात, बोल्ट सैल होतात. पहिली सर्व्हिस बहुतेक ठिकाणी फुकट असते आणि बहुतेक लोक जात नाहीत. तोपर्यंत पहिले चार रविवार उपवनच्या सपाट रस्त्यावर काढा. तलावाभोवती गिअर वर-खाली करत फिरा, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबायचा सराव करा. पाचव्या रविवारी वनखात्याच्या नाक्याच्या जरा आधी, चढ सुरू व्हायच्या आतच सगळ्यात हलका गिअर टाका. चढावर जोर देऊन बदलायला गेलात तर चेन कडाडते आणि उतरते. पहाटे सहाला मी तिथेच असते.